बाबांच्या नावावरची अठरा एकर

मित्रांनो, आज उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो, तर तलाठी हसला. "बापाच्या नावावर अठरा एकर, अन् तू दाखला काहून मागून राहिला?"

माझे बाबा सालगडी आहेत. तलाठ्याकडून आणलेला सातबारा घरी दाखवताच त्यांनी आधी दार लावलं.

"जमीन सीलिंगमधी सरकारात जाऊ नये म्हून मालकानं माझ्या नावावर केली. अंगठा घेतला व्हता."

मी म्हणालो, "पण कायद्यानं मालक ही जमीन कोर्टात परत मागू शकत न्हाई!"

"माझ्याआधी ती मारुतीच्या नावावर व्हती. त्यानंबी मालकाला कायदाच सांगितला. मालकाच्या हिरीत सापडला. दहाव्याच्या आत त्याच्या बायकोनं सही करून दिली."

इतक्यात मालकाचा माणूस आला. "पोरगं तलाठ्याकडं गेलं व्हतं म्हणं. हिरीतली मोटर काढायची हाय. उद्या एकटेच या."

बाबा "बरं" म्हणाले.

सेनगावच्या नेट कॅफेतून लिहितोय. त्यांना कसं थांबवू? लवकर सांगा, बाबा सकाळी सातला निघतात.