वेचलेली मूठ

शेतकी महाविद्यालयातल्या मॅडमना मी फसवलं, आणि गावभर सांगत राहिलो की त्यांनीच मला फसवलं.

आज दुकानात गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, नमुना दाखवा." माझा हात पोत्यात गेला आणि सोनेरी, मऊ अंजिरं तेवढी वेचून वर आला. त्या हाताकडे बघून मी शरमलो.

सुकी अंजिरं किती महिन्यांत काळी पडतील, हे मॅडम गणिताने सांगणार होत्या. त्यांनी तपासायला माल मागितला, तेव्हाही मी असाच वेचून दिला. त्यांचं सूत्र म्हणालं, दहा महिने. माझं कोठार चौथ्याच महिन्यात काळवंडलं. मी त्यांच्या वर्गात शिरून ओरडलो, "माझ्या मालाला कुत्रं विचारत नाही, आणि म्हणे गणित बरोबर! जाब कोण देणार?"

त्यांनी हळूच विचारलं, "दादा, नमुना सरसकट होता ना?"

"हो तर!"

मग त्यांनी विद्यार्थ्यांसमोर स्वतःची चूक कबूल केली. त्यांनी न केलेली.

दाखवायचा माल वेगळा ठेवूनच मी मोठा झालो. पण ज्यांना खरा, सरसकट माल हवा होता, त्या मॅडमनाही मी दाखवायचाच माल दिला.

उठा, शेठ, मी स्वतःलाच म्हणालो. पोत्याच्या तळातली अंजिरं घ्या आणि त्याच वर्गात उभं राहून जाब द्या.