विहारावरचा भोंगा

"माइक सोडा, मावशी!"

"नाही सोडत."

"सोडा म्हणतो नं! माइक कमिटीचा हाय."

"अन् आवाज माझा हाय. तो घेऊन दाखवा!"

वामनराव म्हणजे आमच्या पांढुर्ण्यातल्या विहार कमिटीचे सेक्रेटरी. हापिसात बाबू, खिशाला दोन पेनं. माइकची मान त्यांच्या मुठीत अन् बूड माझ्या मुठीत. भांडणाचं कारण एवढंच, की घटकाभरापूर्वी मी भोंग्यावरून अख्ख्या मोहल्ल्याला सांगून टाकलं होतं, "उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं आपली सुनंदा नर्सच्या ट्रेनिंगले छिंदवाड्याले जाऊन राहिली. समद्यांनी तिले पोचवाले बसस्टँडवर यावं. जयभीम!"

सुनंदा ही वामनरावांचीच मुलगी. अन् वामनरावांनी तिला साफ नाही म्हटलेलं. उद्या ती तिथं हजर झाली नाही, तर तिची जागा दुसरीला जाणार.

"पोरगी कुठंबी जाऊन नाही राहिली!" ते ओरडले. "तुम्हाले ही खबर देल्ली कोणं?"

"ते मी कोणालेच नाही सांगत, वामनराव. तुम्हालेबी नाही."

हे भांडण कुठं गेलं ते सांगते. पण भोंग्यापुढं बसणाऱ्या बाईजवळ किस्से कसे साठतात, ते आधी ऐका. खबर लोकांच्या घरी जाते, किस्सा माझ्याजवळ राहतो. पीठ खाली, कोंडा चाळणीत. पण काही कोंडा असा, की पिठाहून गोड!

*

माझ्याआधी माइकवर सदाशिव बोलायचा. रेल्वेत गँगमन, आवाज इंजिनासारखा. रुळावर त्यानं हाक दिली की पाखरं उडायची. पण माइक समोर आला की खलास! "जयभीम" म्हणायचा, घाम पुसायचा, परत "जयभीम" म्हणायचा अन् खाली उतरायचा. बाया आपापल्या दारातून ओरडायच्या, "अरे बापा, पण झालं काय?"

एक दिवस मीच चढले. शाळेची पायरी मी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून अन् किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. कोणाचा उपकार नाही.

मोहल्ल्यातल्या एका मास्तरांना ते खुपलं. म्हणाले, "मावशी, माइकवर जरा शुद्ध बोलत जा."

मी म्हटलं, "मास्तर, तुमचं शुद्ध ऐकून आजपावेतो कोणी घराबाहेर आलं काय?"

*

उन्हाळ्यात आमच्या नळाचा काही नेम नसे. विहाराच्या अंगणात एक लग्न होतं, वरात सौंसरची. बुद्धवंदना झाली, हार घालायचे तेवढे बाकी. तेवढ्यात कोणीतरी माझ्या कानाला लागलं अन् मी सवयीनं भोंग्यावर बोलून गेले, "नळ आले हो!"

मांडव रिकामा! नवरीची माय गेली, मावशी गेली, वाढणाऱ्या बाया गेल्या. नवरीसुद्धा हार ठेवून उठायला लागली, तिला नवरदेवानं हात धरून बसवलं.

नवरदेवाचा बाप लालबुंद. "हा आमचा अपमान हाय! उठा रे, वरात वापस न्या!"

मागून आवाज आला. पाहते तर त्याचीच बायको, विहीण! शालू गुडघ्यापावेतो ओला अन् डोक्यावर कोणाची तरी भरलेली घागर.

"अहो, काय धार हाय इथल्या नळाले!" ती म्हणाली. "वरात न्याची तं न्या. पोराले मात्र इथंच ठेवून जाऊ!"

*

खबर देणाऱ्याचं नाव मी घेत नाही, हा माझा नियम. एकदा भोंग्यावरून सांगितलं, "उद्या रेशनच्या दुकानात मातीतेल येऊन राहिलं." दुकान उघडायच्या आधी सारा मोहल्ला रॉकेलचे डबे घेऊन उभा. दुकानदार तणतणत माझ्या दारात.

"तुम्हाले सांगितलं कोणं?"

"भोंग्यानं!"

"मजाक नका करू, मावशी. धंद्याची गोष्ट हाय."

"अन् आमची चुलीची हाय."

पाय आपटत गेला. अन् थोड्या दिवसांनी तोच माणूस अंधार पडल्यावर मागच्या दारानं आला. इकडंतिकडं पाहिलं अन् हळूच म्हणाला, "मावशी, उद्या साखर येऊन राहिली. लोकाईले सांगून द्या. पण माझं नाव नका घेऊ हं!"

*

जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेलेला एक म्हातारा चुकला अन् भलत्याच गाडीत बसून पांढुर्ण्याला उतरला. त्याला गावाचं नाव सांगता येईना, पोराचं नाव सांगता येईना. लोकांनी माझ्यापुढं आणून बसवला. मी भोंग्यावरून पुकारलं, "कोणाचे बाबा हायत, घेऊन जा हो!" दोनदा, तीनदा. कोणी आलं नाही.

शेवटी गिरजा आली. संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला जाणारी, हातावर पोट. तिनं म्हाताऱ्याला हात धरून उठवलं.

"काहून वं, तुझे कोण लागतात?" मी विचारलं.

"कोणीच आपले म्हटले नाही न मावशी? मंग माझेच."

अन् घेऊन गेली!

पुढं शोधत शोधत मोहगावहून त्याचा मुलगा आला. गिरजाच्या ओट्यावर बापाला पाहून रडायलाच लागला. म्हाताऱ्यानं त्याला निरखून पाहिलं, काही ओळख लागली नाही. पण सरकून जागा दिली अन् म्हणाला, "बस बाबू, जेवून जाय. सून चांगली हाय माझी."

*

एका पावसाळ्यात मोहल्ल्यातली भागाबाई वारली. झड लागलेली, कोणाच्या घरी सुकं काड नाही. मी भोंग्यावरून म्हटलं, "ज्याच्या घरी सुकं लाकूड असंल, त्यानं एक तरी द्यावं." मी आपल्या मोहल्ल्यालाच म्हटलं होतं.

थोड्या वेळानं नदीकडून माणसं येताना दिसली. डोक्यावर लाकडं, लाकडांवर पोती झाकलेली. स्वतः मात्र ओलेचिंब. सावरगावचे! वारा तिकडचा होता, भोंगा आमची जाम नदी ओलांडून गेला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हीच दोन गावं याच नदीवर एकमेकांवर गोटे मारतात. डोकी फुटतात, टाके पडतात. पहिला भारा ज्यानं उतरवला, त्याच्याही कपाळावर टाक्यांची खूण होती.

माझी जीभ काही राहत नाही. विचारलंच, "दादा, हा पांढुर्ण्याचाच गोटा नं?"

"हो नं. आणखी कोणाचा?"

"अन् पांढुर्ण्यालेच लाकूड?"

त्यानं डोक्यावरची चुंबळ काढून पिळली. "गोट्याचा दिवस वेगळा, मावशी. लाकडाचा वेगळा."

त्या संध्याकाळी माझीसुद्धा सदाशिवासारखीच गत झाली. "जयभीम" म्हटलं अन् खाली उतरले.

*

तर वामनराव अन् मी, मधात माइक.

"नाव सांगा," ते म्हणाले. "नाही तं आजपासून भोंगा बंद. कुलूप घालतो!"

"घाला. नाव नाही निघणार."

"पोरगी माझी हाय, मावशी! एकटी पोरगी परक्या गावात... काही झालं तं लोकं कोणाले बोलतील? तुम्हाले?"

रागाच्या खाली त्यांना खरोखर भीती होती, ते मला दिसत होतं. पण भीती बापाची अन् कोंडायचं पोरीला, हा कुठला न्याय?

"वामनराव, उद्याची गाडी गेली तं पोरीले ती जागा पुन्हा नाही भेटणार. हे तुम्ही बाबू असून मी सांगू?"

"गाडी जाईल! पोरगी नाही जाणार!"

बाहेर गल्लीत माणसं जमलेली. कोणी जाईना. भोंग्याच्या मशीनवरचा लाल दिवा पेटलेलाच होता. आमचं सारं भांडण घराघरात ऐकू जात होतं. मी काही बटन बंद केलं नाही. काहून करू?

तेवढ्यात गर्दी सरकली. वामनरावांची बायको शेवंता आत आली. डोक्यावर पदर, दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ. भाकर अर्धी टाकून निघालेली. लग्न होऊन आली तेव्हापासून या बाईचा आवाज आमच्या मोहल्ल्यानं ऐकलेला नव्हता. नळावरसुद्धा मानेनंच हो अन् मानेनंच नाही.

"तू कायले आली?" वामनराव खेकसले. "घरी जाय!"

ती गेली नाही. आम्हा दोघांच्या मधात येऊन उभी राहिली. नवऱ्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं नाही. दोघांच्या मुठीत अडकलेल्या त्या माइकजवळ तोंड नेलं, अन् थेट नदीपावेतो ऐकू जाईल असं बोलली,

"खबर म्या देल्ली. आता गाडीचा टाइमबी सांगून द्या, मावशी."