एकाच नावाचे चार टोकन

करडीजवळच्या एका धान खरेदी केंद्रासाठी टोकन देणारा प्रोग्राम मी लिहिला होता. शेतकऱ्याचे नाव भरून बटण दाबले की विनंती भंडाऱ्याच्या सर्व्हरकडे जायची आणि उत्तर येईपर्यंत संगणकाचा पडदा गोठून राहायचा.

पहिल्याच सकाळी नेट मंद होते. पडदा हलेना, म्हणून ऑपरेटरने बटण चार वेळा दाबले. चारही विनंत्या पोहोचल्या आणि यादीत एकाच शेतकऱ्याचे नाव ओळीने चारदा आले. मागच्यांचे नंबर घसरले.

“एकाले चार टोकन? काहून बे, तुह्या सासऱ्याचं केंद्र आहे का?” असे ओरडत रांगेतल्या एकाने ऑपरेटरची कॉलर धरली. आणखी दोघांनी ऑपरेटरला अंगणात ओढले.

“पडदाच हालून नाही राहिला भाऊ, म्हणून दाबलो!” तो सांगत होता. पोत्यातून नमुना काढायच्या लोखंडी सळईचे तीन घाव त्याच्या उजव्या हातावर बसले. तिसऱ्या घावाला मनगट मोडल्याचा आवाज आला.

पहिला दिवस म्हणून मीही केंद्रावर आलो होतो आणि ऑपरेटरच्या टेबलामागे उभा होतो. उत्तर येईपर्यंत बटण बंद ठेवण्याची ओळ मी लिहिली नव्हती, हे मला पहिल्या घावाआधीच कळले होते. पोलीस येईपर्यंत मी ते कोणाला सांगितले नाही.