मोटेच्या खांबावरची फुली

जे मोजता येतं तेवढंच मी मानतो. नोकरी मोजणी खात्यातली, अर्धं आयुष्य शेतांच्या बांधावरून साखळी ओढण्यात गेलं. कुणी भुताखेताचा विषय काढला की मी सरळ उठून जातो. तरीही दुष्काळाच्या उन्हाळ्यात श्रीरामपूरला आमच्या अंगणात जे घडलं ते लिहितोय... कारण त्यातलं प्रत्येक माप मी स्वतःच्या हातानं घेतलेलं आहे.

माझी पत्नी कुसुम हिला त्या उन्हाळ्यात मणक्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी बाज बंद केली, गादी बंद केली, सपाट फळ्यांवर झोपायला सांगितलं. तसा पलंग घरात नव्हता, म्हणून ती फरशीवर सतरंजी टाकून झोपायची. झोपणं जमायचं – उठणं जमत नव्हतं. सकाळी एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं शेजारच्या वहिनी, असं धरून तिला उभं करावं लागे. आपल्याच घरात उठायला बाहेरचं माणूस बोलवावं लागतं, हे तिला फार लागायचं. पलंग झाला की पाय खाली सोडून माझी मी उठेन, एवढंच ती म्हणे.

नवा साग आम्हाला झेपणारा नव्हता. तिचा चुलतभाऊ सोपान पाच मैलांवर शेती करतो. विहिरीवर इंजिन बसवल्यापासून त्याची मोट बंद होती आणि आता तर विहीरच आटली होती. मोटेचे दोन सागवानी खांब आणि त्यांच्यावरचा आडवा वासा मात्र तसेच उभे होते. घेऊन जा, म्हणाला. मी टेप लावून सगळं तपासलं. उजवा खांब नऊ फूट, पाच इंच जाड, एकदम निरोगी. डाव्याचं बूड मातीत कुजलेलं. पलंगाच्या दोन लांब बाजूंना उजवा खांब आणि आडवा पुरेसे होते, म्हणून डावा सोडला. जोड फोडू नका, न्यायचे तर दोन्ही न्या, असं सोपान दोनदा म्हणाला. कुजकं लाकूड कशाला वाहायचं, म्हणून मी गाडी हाकायला लावली.

ओळखीचे सुतार सायमन मिस्त्री यांनी आमच्या अंगणात बाक मांडला. आडवा त्यांनी रंधून सरळ काटकोनात, गुण्यात आणून दिला, काही अडचण नाही. मग खांब घेतला. त्याच्या एका अंगावर जुन्या सुतारानं पटाशीनं कोरलेली फुली होती. खोली मी मोजली – दोन सूत, म्हणजे पाव इंच. रंधा फिरला की जाईल, मिस्त्री म्हणाले.

त्या अंगाचं पाव इंच उतरलं. फुली होती. दोन सूत खोल.

आधी माझंच माप चुकलं असेल, असं धरून आणखी पाव इंच काढायला लावलं. फुली तशीच. पुन्हा दोन सूत. खांब साडेचार इंचांवर आला, मग चारवर, आणि फुली मात्र जणू लाकडाबरोबर खाली सरकत होती... मी मिस्त्रींकडे जरा रोखून पाहिलं असणार, कारण ते चिडले. रंध्यातून निघालेला लांब पापुद्रा त्यांनी माझ्यासमोर उन्हात धरला.

"भाऊसाहेब, माझ्या हातावर शंका घेऊ नका. फुलीवरनंच निघालाय हा. यात कुठं भोक दिसतंय का?"

भोक नव्हतं. पापुद्रा सलग होता.

फुलीचं अंग खाली करा आणि पुढं चला, असं मी सांगितलं. मिस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली. आजारी बाईच्या अंगाखाली हे लाकूड मी घालणार नाही, म्हणाले. आतून कुसुमनं सगळं ऐकलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ते मला मिस्त्रींच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी खांब बदलून आणायला मी सोपानकडे गेलो. बदलायला दुसरं काय असणार? तोच डावा खांब, गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून लावलेला. सोपान हसायला लागला.

"दाजी, बैलजोडीतला एकच बैल पसंत करून न्हेतं का कुनी? एका झाडाचं दोन खांब हायेत ते. म्हनलं हुतं तुमाला."

मी म्हटलं, बैलाला जीव असतो, लाकडाला नसतो. तो म्हणाला, तुमी शिकलेली मानसं, तुमाला म्हाईत. आणि टेकू काढून खांब गाडीत घातला.

कुजका भाग कापल्यावर सहा फूट उरला. साडेसहाच्या पलंगाचा हट्ट माझाच होता, तो सोडला. कुसुम पाच फुटांचीही नाही. या खांबावरही त्याच जागी तशीच फुली होती. दुसरा खांब आल्याचं कळल्यावर मिस्त्री परत आले आणि ताडून बघायला दोन्ही खांब त्यांनी बाकावर शेजारीशेजारी आवळले. नव्यानं आणलेल्या खांबावरची फुली पाव इंच उतरवताच गेली, जशी जायला हवी तशी. मग त्यांनी पहिल्या खांबावरून रंध्याचा एकच हलका हात फिरवला.

अंग कोरं झालं. मी जाडी मोजली. जेमतेम अर्ध्या सुतानं कमी झाली होती. बोटानं चाचपलं, गुण्या आडवा लावून पाहिला – खड्डा नाही, भरलेलं लाकूड नाही, तंतूंच्या रेषा सरळ गेलेल्या. मिस्त्रींनी छातीवर क्रूस काढला आणि कामाला लागले.

मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. पटाशीच्या घावानं खालचे तंतू दबतात, खूण आत उतरते, हे खरं. पण ती फिकट होत जाते, तेवढीच खोल राहत नाही. मिस्त्रींनी हातचलाखी केली म्हणावं, तर त्यांनी काम उक्तं घेतलं होतं, उशीर त्यांच्याच अंगावर येत होता. माझी नजर चुकली म्हणावं, तर ती एकदाच चुकेल. दोन सूत खोल खूण अर्ध्या सुतात कशी गेली, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. आडव्याचे पाय केले आणि दोन्ही खांब पलंगाला समोरासमोर लावले, एवढं मात्र झालं.

पलंग घरात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना हाक मारायला मी दाराकडे निघालो, तर मागून कुसुम म्हणाली, "राहू द्या हो त्यांना." वळून पाहतो तो ती उभी, एक हात पलंगाच्या कडेवर. मी लगेच खांबाचा, फुलीचा विषय काढला. तिचं यावर काय मत आहे ते मला ऐकायचं होतं.

"तुम्ही मोजत बसा," ती म्हणाली, "मी चहा टाकते."

आणि भिंतीला न धरता स्वयंपाकघरात गेली.