खाडीकाठचा सायंटिस्ट

शमुवेल रोज सकाळी ब्रश तोंडात धरून खाडीच्या कडेला उकिडवा बसायचा, ते पाणी बघायला. पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या मिलांचं पाणी आमच्या चाळीमागून वाहायचं, कधी जांभळं, कधी मेंदीसारखं हिरवं. लोक नाकाला रुमाल लावून पळायचे आणि हा सांगायचा, "आज लालवाले घाईत होते, रंग नीट बसलाच नाही कापडावर." चाळीनं त्याला 'सायंटिस्ट' म्हणायला सुरुवात केली ती थट्टेनं, पण त्याला ते नाव मनापासून आवडलं.

चाळीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच, बाकी आम्ही सगळे पोटासाठी गुजरातेत आलेले खानदेशी. मराठी शाळेत आम्ही दोघं एका बाकावर. पेपर हातात पडला की तो आधी डोळे मिटायचा. देवाकडं काय मागतोस, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "मागत नाही काही. हजेरी लावतो. मार्क माझे मी आणीन." आणायचाही. दहावीनंतर मी लूमवर लागलो, तो केमिकलच्या डिप्लोमाला गेला. तिथं सगळा कारभार गुजराती-इंग्रजीत. पहिल्याच वर्षी विषय उडाले, तर गुजरातीतच "चालशे" म्हणाला आणि पुन्हा अभ्यासाला बसला.

त्याच्या आईला हजीऱ्याच्या मोठ्या कंपनीची बस त्याला कामावर न्यायला दारात आलेली बघायची होती. "बस येईल गं, पण मी तिच्यात नसेन," असं तो चिडवायचा. त्याला डिग्री करून असा रंग बनवायचा होता, जो सगळाच्या सगळा कापडाला धरेल. "रंग साडीचा, तो खाडीनं का नेसायचा?" हे त्याचं नेहमीचं.

बडोद्याला डिग्रीचा प्रवेश मिळाला तेव्हा त्याच्या आईनं नाताळ नसताना चाळभर करंज्या वाटल्या. कॉलेज सुरू होईपर्यंत रिकामं कशाला बसायचं म्हणून तो एका डाइंग मिलमध्ये कामाला जाऊ लागला.

तिथं एका दुपारी सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला मजूर वायूनं कोसळला. त्याला काढायला शमुवेल उतरला. दोघंही गेले. मला हे लूमवर येऊन कुणीतरी सांगितलं, तरी मी तुटलेला धागा जोडतच राहिलो. माझं डोकं अजून तिथंच अडतं. त्या वायूचं नाव, त्याचा वास, माणूस किती झटकन पडतो, हे सगळं मला त्यानंच शिकवलं होतं. मी उतरलो असतो तर समजण्यासारखं होतं. तो कसा उतरला? मला त्याचा राग येतो, आजही येतो.

चाळीत कुणी गेलं की शेजाऱ्यांनी करायचं ते माझ्या वडिलांनी केलं. बांबू, सुतळी, मडकं आणलं आणि त्याच्या दारात तिरडी बांधली. शेवटची गाठ मारत होते तेव्हा चर्चची माणसं शवपेटी घेऊन आली. वडील हातातली सुतळी सोडेनात. "चुकनं भाऊ," ते शमुवेलच्या वडिलांना म्हणाले, "आम्हले माहीत नव्हतं."

शमुवेलच्या वडिलांनी पेटीकडं पाहिलं, तिरडीकडं पाहिलं. मग ते चर्चच्या पाळकांना म्हणाले, "पेटी टेम्पोतच राहू द्या. गल्लीच्या तोंडापर्यंत त्याला ही माणसं नेतील."

मडकं तेवढं मागं राहिलं. पुढच्या बाजूला माझा खांदा होता. गल्लीच्या तोंडाशी त्याला पेटीत ठेवलं, टेम्पो निघून गेला. माझे वडील रिकामी तिरडी धरून रस्त्यात उभे होते, आणि ती आता कुठं न्यायची हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.