सतराचा पाढा आणि बेदाणे

साताऱ्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात शिऱ्यासाठी बेदाणे निवडायला घेतले की तोंडात आपोआप सतराचा पाढा येतो. त्यामागं तासगावची बेदाण्याची शेड आहे, आणि माझी आई आहे.

ती शेडवर निवडायला जायची. हंगाम नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर यायचा, म्हणून शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथंच. गंधकाच्या धुरीचा वास अजून हवेत असायचा. बायका गोल करून बसायच्या, पुढ्यात ढीग. काड्या एकीकडं, काळे मणी एकीकडं. मी निवडायचंही आणि पाढेही म्हणायचे, असा आईचा नियम. मला ते जमायचं नाही. पाढ्यात लक्ष गेलं की काड्या ढिगातच राहायच्या. काडी दिसली की सतरा चोक कुठं गेले ते कळायचं नाही.

शेजारी बसणारी मावशी हसायची. "अगं, पोरीला मास्तरीण करायची का निवडणारी? दोनीबी कच्चंच ऱ्हातंय बघ."

आई मान वर न करता म्हणायची, "शिकंल की. सवय नगं का व्हायला?" आणि मग मला, "हां, पुढं?"

आईला वाचता येत नव्हतं, सतराचा पाढाही येत नव्हता. पण निवडता निवडता, मावशीशी बोलता बोलता, माझा आवाज अडलेला तिला बरोबर कळायचा. हळूहळू मलाही जमू लागलं. हात काडी उचलायचे आणि ओठ पुढच्या आकड्यावर जायचे. आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली, तेव्हाही पेपरात अडले की मनात तिचं "पुढं?" ऐकू यायचं.

गेल्या वर्षी आजारपणानंतर आईचं बोलणं बंद झालं. सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं, पण ती मला ओळखते की नाही, हेच कळेना. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा. सुट्टी मिळेल तशी मी एसटीनं जाते, बोलत राहते. ती भिंतीकडं बघते. तिनं एकदा मला काहीतरी विचारावं, एवढंच मला हवं होतं.

यंदा भावानं शेडवरून न निवडलेले बेदाणे आणले. मी ताट भरून तिच्यासमोर बसले. वास आला असावा. तिचा हात ताटाकडं आला. काडी बाजूला, काळा मणी बाजूला. माझेही हात चालू लागले, आणि न ठरवता ओठही. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. तिथं मी अडले.

"पुढं?" आई म्हणाली.

माझ्याकडं न बघता, ताटात काडी शोधत.

मी सतरा चोक अडुसष्ट म्हटलं. सतरा पाचे पंच्याऐंशी म्हटलं. पुढचं सगळं पाठ होतं, तरी तिथंच थांबून राहिले.