पंधराव्या वाढदिवसाचं पुस्तक

मिशिगनमध्ये नोव्हाय गावाच्या आसपास तेव्हा मराठी घरं मोजकीच होती, आणि त्या सगळ्या घरांत मी ‘लायब्ररीवाली’ होते. नागपूरला मराठीत एम.ए. केलेल्या बाईला अमेरिकेत कोण विचारतो? सार्वजनिक वाचनालयात अर्धवेळ काम मिळालं आणि शाळकरी वयातल्या मोठ्या मुलांच्या पुस्तकांची कपाटं माझ्या गळ्यात पडली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. ऐंशीचं दशक होतं. मुलं कानांवर हेडफोन चढवून यायची, मासिकांतली गायकांची पोस्टरं हळूच फाडून न्यायची. ज्या गाण्यावर तू रडतेस त्याच दुःखाचं एक पुस्तक आहे, घेऊन जा, असं मी त्यांना सांगायचे. पुष्कळदा न्यायचीही. त्या कामात मला मनापासून आनंद होता.

वैताग होता तो आपल्या लोकांचा. गणपतीत, संक्रांतीला, कुणाच्याही बेसमेंटमध्ये जेवणं चालू असताना एखादी आई मला कोपऱ्यात घ्यायची. "मुलीला चांगलं काहीतरी द्या हं. किसबिस नको." कॉलेज सुटल्यापासून एक ओळ न वाचलेले इंजिनिअर मला वाचनाचं महत्त्व समजावायचे. मी सगळ्यांना हो म्हणायचे आणि मला हवं तेच द्यायचे.

त्यातल्याच एका घरातली चौदा वर्षांची मुलगी माझी सगळ्यात अधाशी वाचक होती. तिचे वडील मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. आई घरी असायची, गाडी चालवायची नाही, चारचौघांत इंग्रजीचा शब्द काढायची नाही. दुकानात नवरा बोलायचा आणि ती नुसती मान हलवायची. बायका तिला पाठीमागे हसत.

एका शरद ऋतूत तिचे वडील एकटेच वाचनालयात आले. कपाटाआड नेऊन मला म्हणाले, "वहिनी, हिचा रिपोर्ट आलाय. कॅन्सर आहे. स्प्रेड झालाय."

मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"हिला सांगितलेलं नाही. डॉक्टर बोलत होता, मी मराठीत अल्सर म्हणून सांगितलं. मुलीलाही तेच. तुम्ही फक्त तिला लाइट काहीतरी द्या, फनी. आजारपण, मरण, असलं काही हातात पडायला नको. उगाच डिस्टर्ब होईल."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. डॉक्टर बाईला समोर बसवून तिचं मरण सांगतोय आणि मधे बसलेला नवरा त्याचा अल्सर करतोय! पण हे काही त्यांचं एकट्याचं नव्हतं. आमच्याकडे आजोबांना शेवटपर्यंत कावीळच झाली होती. अशुभ तोंडातून काढलं नाही की ते उंबऱ्याबाहेर राहतं, अशी आपली समजूत. मी मान हलवली. शब्द मात्र दिला नाही.

महिन्याभरानंतर एकदा मुलगी आली. मी काढून ठेवलेली विनोदी पुस्तकं तिने टेबलावरून परत माझ्याकडे सरकवली.

"मावशी, डू यू हॅव समथिंग व्हेअर द मदर इज सिक?" मग म्हणाली, "लाइक, रिअली सिक."

"का गं?"

"बिकॉज नोबडी टेल्स मी एनीथिंग. आईचे केस चाललेत, मावशी. अल्सरने केस जातात का?"

केसांचं तेवढं ती मराठीत बोलली. तिच्या वडिलांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी तो बाजूला सारला. एक पुस्तक होतं, साधंसं. त्यात आई आजारी पडते आणि बरी होत नाही. चमत्कार नाही, देवदूत नाही, म्हणून तर ते मला आवडायचं. ते तिच्या हातात देताना मी आधीच सांगितलं, "शेवट वाईट आहे."

"आय नो," ती म्हणाली.

त्यानंतर फोन वाजला की तिचे वडीलच असतील असं मला वाटायचं. त्यांचा फोन आला नाही. एका दुपारी तिची आईच आली, शेजारणीच्या गाडीतून, डोक्याला रुमाल बांधून. पर्समधून तिने ते पुस्तक काढलं.

"मीही वाचलं हे. तिची सगळीच वाचते मी, ती शाळेत गेली की. इंग्रजी त्यातच शिकले."

मी विचारलं, "म्हणजे डॉक्टर बोलले ते..."

"पहिल्याच दिवशी समजलं. चांगला स्पष्ट बोलतो तो. हे अल्सर म्हणाले तेव्हा ह्यांचे हात बघवेनात. म्हटलं, असू दे अल्सर."

"आणि मुलगी?"

"शेवटची पानं तिने मला वाचून दाखवली. मग बोललो आम्ही, रडलो. पण ह्यांना सांगू नका. त्यांचा सगळा धीर त्यावर उभा आहे."

बसायला सांगितलं तशी ती बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती पंधराची होईल तेव्हा तिला काय द्याल?"

मला रडू फुटलं. ती मात्र थांबून राहिली, म्हणून डोळे पुसून मी तिला दोन-तीन पुस्तकांच्या गोष्टी सांगितल्या. साडीचा पोत बोटांत धरून बघावा तशी ती एकेक ऐकत होती. एकीत उन्हाळ्याची सुट्टी होती, तळं होतं, एक मुलगा होता आणि पहिलं चुंबन होतं.

"हे द्या. मी असते तर नको म्हटलं असतं. म्हणून मुद्दाम द्या."

जानेवारीत ती गेली. बर्फ इतकं होतं की तेराव्याला जेमतेम चार घरं पोहोचली. दिवाणखान्यात तिचे यजमान सगळ्यांना एकच सांगत होते, "शेवटपर्यंत तिला काही कळू दिलं नाही. एवढं तरी मला जमलं." मुलगी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्याशेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे पुढे नेला. त्या माणसाच्या तोंडावर खरं काय ते सांगावं, असं मला फार वाटलं. मी चहा घेतला.

एप्रिलमध्ये तिचा वाढदिवस आला. शाळा सुटल्यावर ती आली तेव्हा पुस्तक मी जवळच ठेवलं होतं.

"ह्यात किस आहे," मी सांगून टाकलं.

"आईला चालेल?" तिने विचारलं, आई घरी वाट बघत असावी तसं.

"आईनेच निवडलंय. तुझ्या पंधराव्या वाढदिवसासाठी."

तिने पुस्तक उघडलं नाही. मग दप्तरातल्या वह्या बाहेर काढल्या, पुस्तक तळाशी घातलं आणि वह्या त्यावर रचल्या.

"बट डोन्ट टेल बाबा," ती म्हणाली. "ओके, मावशी?"